सॅमनची पिल्लं मोजायचा हंगाम: आयडाहोहून

खळाळ

आयडाहोत सॅमन नदीच्या वरच्या खोऱ्यात हंगामी फिशरीज टेक्निशियन म्हणून काम करते. मार्चअखेरीस उपनदीतलं बर्फ सुटलं की ट्रॅप पाण्यात उतरवायचा, नोव्हेंबरात काठ गोठायला लागले की बाहेर काढायचा. मधले सगळे दिवस, गणपती-दिवाळी धरून, सकाळी उठून मासे मोजायचे. नातेवाइकांच्या ग्रुपवर हे काही केल्या नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आम्हाला मतलब मुख्यतः दोन माशांशी: चिनूक सॅमन आणि स्टीलहेड. हिमाचलात, काश्मिरात पाळतात तो रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड एकाच जातीचे. फरक इतकाच, की स्टीलहेड समुद्रात जाऊन येतो. आमच्याकडे चिनूकची मादी ऑगस्ट-सप्टेंबरात गोट्यांत खळगा करून अंडी घालते आणि मरते. पिल्लं वसंतात गोट्यांमधून वर येतात, साधारण वर्षभर गोड्या पाण्यात काढतात आणि पुढच्या एप्रिल-मेमध्ये समुद्राची वाट धरतात. काही जण आदल्या शरद ऋतूतच उपनदी सोडून खाली मोठ्या नदीत थंडी काढायला जातात. स्टीलहेडला घाई नसते, तो बहुधा दोन-तीन वर्षं नदीतच असतो. लहान असताना दोघांच्याही अंगावर गडद उभे डाग असतात, शाईत बुडवून ओळीने उठवलेल्या अंगठ्यांसारखे. समुद्राकडे निघायची वेळ आली की ते पुसट होतात आणि अंग रुपेरी होतं. त्या अवस्थेला स्मोल्ट म्हणतात. रुपेरी मासा हातात धरला की खवले बोटांना चिकटून येतात, म्हणून तेव्हा फार जपावं लागतं.

आता ट्रॅप. रोटरी स्क्रू ट्रॅप म्हणजे दोन तराफ्यांच्या मध्ये बसवलेला, भोकं पाडलेल्या पत्र्याचा शंकू. रुंद तोंड प्रवाहाकडे, व्यास पाच किंवा आठ फूट, निम्मा पाण्यात आणि निम्मा वर. आत मळसूत्री पातं असतं, त्यावर पाणी आदळून शंकू फिरत राहतो. मोटर नाही, वीज नाही. पिल्लू एकदा आत शिरलं की त्याला पात्यामुळे मागे फिरता येत नाही, ते थेट मागच्या पेटीत जातं. पिल्लं बहुतेक रात्री निघतात, म्हणून सकाळची फेरी चुकवायची नाही.

सकाळी गेल्यावर पहिलं काम माशांचं नसतंच, कचऱ्याचं असतं. जूनमध्ये काठच्या कॉटनवुड झाडांचा कापूस उडतो आणि पेटीच्या जाळीवर बसून त्याचा लगदा होतो. ऑक्टोबरात पानं. जाळी तुंबली की पेटीतलं पाणी घुसळायला लागतं आणि मासे जाळीवर दाबले जातात. कचरा काढून झाला की पट्टीवरची पाण्याची उंची, तापमान आणि शंकूच्या तीन फेऱ्यांना लागलेले सेकंद वहीत लिहायचे. मग पेटीत स्कल्पिन शिरलाय का ते बघायचं. हा बुटका, मोठ्या जबड्याचा, तळाशी राहणारा मासा रात्रभर पेटीत बसून चिनूकची बारकी पिल्लं गिळतो आणि सकाळी टम्म पोटाने आपल्याकडे बघतो. पिल्लांना लपायला आम्ही पेटीत फर झाडाच्या फांद्या टाकून ठेवतो.

हे सगळं कशासाठी, तर स्टॅन्ली गावाजवळच्या रेडफिश तलावापासून समुद्र सुमारे ९०० मैल लांब आहे आणि वाटेत आठ धरणं आहेत. स्नेक नदीवर लोअर ग्रॅनाइट, लिटल गूज, लोअर मॉन्युमेंटल, आइस हार्बर. कोलंबियावर मॅकनेरी, जॉन डे, द डॅल्स, बॉनव्हिल. १९९२ साली त्या तलावात सॉकाय सॅमन किती परत आले? एक. नर. लोकांनी त्याचं नाव 'लोन्सम लॅरी' ठेवलं. इथून किती पिल्लं निघाली हेच माहीत नसेल, तर परत कमी आले त्याचा दोष नदीचा, धरणांचा की समुद्राचा हे कसं ठरवणार?

---

शमा_पुणे

मस्त लिहिलंय! एक बाळबोध शंका. पाच फुटी शंकू आणि नदी त्याच्या कितीतरी पट रुंद. बाकीची पिल्लं बाजूने निघून जात असतील ना? मग मोजलं काय?

---

खळाळ

शमा, बाळबोध कसली, सगळं कामच या शंकेवर उभं आहे. पेटीतले मासे म्हणजे नदीतले मासे नव्हेत. म्हणून पकडलेल्यांपैकी काहींना खूण करून संध्याकाळी ट्रॅपच्या वर, एक-दोन वळणं मागे नेऊन सोडायचं, म्हणजे ते इतरांत मिसळतात. खूण म्हणजे शेपटीचा बारीक तुकडा कापणं, किंवा टॅग, किंवा अगदी लहान पिल्लांना बिस्मार्क ब्राउन रंगात बुडवणं. समजा ५० सोडले आणि १० परत सापडले, तर ट्रॅप पाचातला एक मासा पकडतोय. त्या दिवशी पेटीत ६० असतील, तर नदीतून साधारण ३०० गेले.

आमच्याकडे नवीन आलेल्याला पेटी भरलेली दिसली की आनंद होतो. जुन्यांना खुणेचे किती परत आले यात रस असतो.

---

विदा_विंचू

धागा छान, पण वरचा हिशेब फार गोंडस झालाय. हे प्रमाण रोज तेच राहणार नाही. पाणी चढलं की शंकूखेरीज उरलेली नदी वाढते, म्हणजे ट्रॅपची पकड उतरते. शिवाय काल शंकूत सापडून हाताळला गेलेला मासा आज न हाताळलेल्यासारखाच वागेल हे गृहीतक आहे, ते तपासलेलं सत्य नव्हे. परत सापडलेले अगदीच थोडे असतील तर साधा भागाकार फसवतो, चॅपमनची दुरुस्ती (थोड्या आकड्यांसाठी सुधारलेलं सूत्र) लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर आला की तुम्ही शंकू वर उचलून ठेवत असाल. त्या दिवसांचं काय?

---

खळाळ

विंचूराव, नांगी बरोबर जागी मारलीत.

पुरात शंकू उचलावाच लागतो. मे महिन्यात डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी चढतं, अख्खी झाडं वाहत येतात. ओंडका शंकूत अडकला तर तारदोर तुटून ट्रॅपच वाहून जाईल, आणि पेटीतले मासे तर मरतीलच. गोची अशी, की स्मोल्ट नेमके त्याच चढत्या, गढूळ पाण्याचा फायदा घेऊन निघतात. म्हणजे सगळ्यात जास्त मासे जायच्या रात्री आमचा शंकू हवेत.

उपाय म्हणजे हंगामाचे पाण्याच्या पातळीप्रमाणे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची पकड वेगळी काढायची, बंद दिवसांचा अंदाज आजूबाजूच्या दिवसांवरून बांधायचा आणि आकड्याबरोबर त्याची वर-खाली मर्यादा छापायची. चॅपमन वापरतोच. पण माझं मत विचाराल तर एका वर्षाच्या आकड्याला फार किंमत नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने वीस-तीस वर्षं मोजत राहिलात तर चुकाही साधारण एकाच दिशेच्या राहतात आणि कल दिसतो. या खोऱ्यातल्या काही ट्रॅपांची नोंद १९९०च्या दशकापासून सलग आहे. म्हणून एखाद्या वर्षी निधी आटला म्हणून ट्रॅप न टाकणं मला सगळ्यात जास्त खुपतं. पुढच्या वर्षी पैसे दुप्पट आले तरी त्या वर्षीची पिल्लं मोजता येत नाहीत.

---

अण्णा_वेंगुर्लेकर

मृगाच्या पहिल्या पावसात आमच्याकडे चढणीचे मासे धरतात, त्यामुळे मासा पाण्याविरुद्ध का चढतो हे कोणी शिकवायला नको. मला खटकतं ते पुढचं. एवढासा जीव, आधीच संख्या रोडावलेली, त्याला तुम्ही पकडता, रंगात बुडवता, कापता, पोटात टॅग घालता. वाचवायच्या नावाखाली किती मारता ते पण लिहा.

---

खळाळ

अण्णा, लिहिते. मरतात. थोडे, पण मरतात. स्नेक नदीचा चिनूक १९९२ पासून आणि स्टीलहेड १९९७ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय हात लावता येत नाही. वर्षाला किती मासे हाताळायचे आणि त्यांतले जास्तीत जास्त किती दगावलेले चालतील, हे दोन्ही आकडे परवान्यात असतात. दुसरा आकडा गाठला की काम बंद.

टॅगिंग कसं चालतं तेही सांगते. बादलीत भूल देणारं औषध, आणि पाणी आंबट होऊ नये म्हणून त्यात खायचा सोडा. मासे एका वेळी थोडेच घालायचे. मिनिटा-दोन मिनिटांत ते कलंडतात. मग ओल्या पट्टीवर ठेवून नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मिलिमीटरमध्ये लांबी, आणि वजन ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. आधी स्कॅनरवरून फिरवायचा, कारण वरच्या दुसऱ्या ट्रॅपवर त्याला टॅग लागलेला असू शकतो. नसेल तर अल्कोहोलमध्ये बुडवलेली पोकळ सुई, छातीच्या पराच्या टोकामागे, पोटाच्या मध्यरेषेच्या किंचित बाजूला. सुईचं टोक जेमतेम आत गेलं की थांबायचं आणि दट्ट्या दाबायचा. १२ मिलिमीटरची काचेची नळी, म्हणजे पिट टॅग, आत जाते. टाका घालावा लागत नाही, जखम आपोआप मिटते. मग हवा सोडलेल्या बादलीत ठेवायचा, नीट पोहायला लागला की सोडायचा. साठ-पासष्ट मिलिमीटरपेक्षा लहान पिल्लाला हा टॅग घालत नाही. पाणी तापलं की टॅगिंग थांबतं, म्हणून जुलैत पहाटे उजाडायच्या आत सुरुवात करतो. हात ओले, अंगठी नाही, सनस्क्रीन नाही.

टॅगला बॅटरी नसते. अँटेनाजवळून मासा गेला की तिच्या ऊर्जेवर टॅग क्षणभर जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. धरणांच्या बगलमार्गांत, माशांच्या पायऱ्यांत, काही उपनद्यांच्या तळाशीही अँटेना आहेत. मेमध्ये सोडलेला मासा काही आठवड्यांत लोअर ग्रॅनाइटला दिसतो, मग बॉनव्हिलला, आणि मग दोन-तीन वर्षं काही नाही. त्यानंतर कधीतरी बॉनव्हिलच्या पायऱ्या चढताना तोच नंबर.

काही नंबर भलतीकडेच सापडतात. कोलंबियाच्या मुखाशी ईस्ट सँड नावाचं बेट आहे, तिथे कॅस्पियन टर्न आणि पाणकावळे या मासेखाऊ पक्ष्यांच्या वसाहती होत आल्या आहेत. विणीचा हंगाम संपला की संशोधक त्या बेटाच्या वाळूवरून स्कॅनर फिरवतात आणि विष्ठेतून पडलेले टॅग वाचतात. कुठला स्मोल्ट कोणी खाल्ला याची नोंद तिथे होते.

---

विदा_विंचू

अण्णांच्या मुद्द्याला आकडेवारीची जोड. याकिमा नदीच्या चिनूकवर झालेल्या अभ्यासात दोन्ही गोष्टी दिसल्या होत्या: काही टॅग गळून पडतात, आणि टॅगवाल्या माशांचं परतण्याचं प्रमाण बिनटॅगवाल्यांपेक्षा कमी भरतं. म्हणजे टॅगवरून काढलेला परतीचा टक्का खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. धरणविरोधक हा टक्का वापरतात तेव्हा हे सांगत नाहीत.

---

खळाळ

आणि धरणवाले सांगतात तेव्हा हे सांगत नाहीत, की तेच टॅग, त्याच सुया कोलंबियाला मिळणाऱ्या जॉन डे नदीच्या माशांनाही लागतात, आणि त्यांना कमी धरणं ओलांडावी लागतात. त्यांचं परतणं स्नेकच्या माशांपेक्षा बरं असतं. तुलना करताना टॅगची खोट दोन्हीकडे सारखी. प्रादेशिक परिषदेचं (नॉर्थवेस्ट पॉवर अँड कॉन्झर्व्हेशन कौन्सिल) उद्दिष्ट २ ते ६ टक्के परतण्याचं आहे, स्नेकचे जंगली चिनूक बहुतेक वर्षी २ सुद्धा गाठत नाहीत.

---

ट्रिनिटी_काठ

उत्तर कॅलिफोर्नियात क्लॅमथ-ट्रिनिटी खोऱ्यात काम करतो. ट्रॅपचं एवढं कौतुक वाचून राहवलं नाही. ट्रॅप फक्त जाणारे मासे दाखवतो. मासा राहतो कसा हे बघायचं तर पाण्यात उतरावं लागतं.

स्नॉर्कल सर्व्हे म्हणजे पोहणं नव्हे. ड्रायसूट घालून, दोन हातांनी दगड धरत, प्रवाहाविरुद्ध पोटावर सरपटायचं. कुठे कुठे पाणी गुडघाभरच असतं, तिथे हनुवटी दगडांवर घासते. दोघं शेजारी शेजारी, आपापली पट्टी वाटून घेतलेली, नाहीतर एकच मासा दोनदा मोजला जातो. मनगटावर पीव्हीसी पाइपचा कापलेला तुकडा, त्यावर शिसपेन्सिलीने जात आणि लांबीचा गट. पाण्याखाली सगळं मोठं दिसतं, म्हणून सुरुवातीला ठरावीक लांबीच्या खोट्या माशांवर डोळा बसवून घेतात. स्टीलहेडचं पिल्लू खळखळत्या पाण्यात दगडामागे जागा धरून बसतं आणि शेजाऱ्याला हुसकावतं. कोहो (सॅमनचीच आणखी एक जात) बाजूच्या संथ पाण्यात, बीव्हरच्या बांधामागे. थंडीत पिल्लं दिवसा गोट्यांच्या फटींत शिरतात आणि रात्री बाहेर येतात, मग आम्हीही रात्री टॉर्च घेऊन पाण्यात. वरून काठावर पॉयझन ओक, अंगाला लागलं की खाज सुटणारं झुडूप. त्याबद्दल सभ्य शब्दांत लिहिता येत नाही.

विजेचा पर्यायही आहे, पाठीवरच्या यंत्राने पाण्यात प्रवाह सोडून मासे क्षणभर गुंगवायचे. पण माशाच्या कण्याला इजा होऊ शकते, आणि पाणी १८ अंशांवर गेलं की ते यंत्र खाली ठेवायचं. स्नॉर्कलने माशाला हात लागत नाही. अण्णांनाही चालावं.

क्लॅमथवर २०२४ मध्ये आयर्न गेट, दोन्ही कॉप्को आणि जे. सी. बॉयल ही चारही धरणं उतरवून झाली. त्याच ऑक्टोबरात जुन्या बॉयल धरणाच्याही वर, ओरेगॉनमधल्या एका उपनदीत चिनूक दिसले, १९१२ नंतर पहिल्यांदा. आता आमच्यासमोर वेगळाच प्रश्न आहे. वरच्या शंभर वर्षं बंद असलेल्या पाण्यात पिल्लं कुठे राहतील याचा जुना विदा नाहीच. कुठे सरपटायचं इथपासून सुरुवात.

---

अण्णा_वेंगुर्लेकर

स्नॉर्कलचं पटलं. टर्न पक्ष्याच्या विष्ठेत नंबर शोधणाऱ्यांना माझा दंडवत.

---

सिअॅटलची_सई

आयटीवाली आहे, मासेवाली नाही. पण वेस्ट सिअॅटलमधल्या लाँगफेलो क्रीकवर शरदात हौशी स्वयंसेवक मेलेले कोहो मोजतात, त्यात जाते. पोट उघडून मादीची अंडी तशीच आहेत का बघतात. पाऊस पडला की कोहो वर येतात आणि अंडी घालायच्या आधीच तोंड उघडून, गोल गोल फिरून काही तासांत मरतात. कितीतरी वर्षं कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने सहकाऱ्यांबरोबर ते प्रसिद्ध केलं: टायर फुटू-झिजू नयेत म्हणून घालतात त्या ६पीपीडी रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन बनणारं ६पीपीडी-क्विनोन. रस्त्यावरची टायरची भुकटी पावसाबरोबर ओढ्यात येते. गंमत म्हणजे चम सॅमनला त्याच पाण्यात फारसं काही होत नाही, कोहोची पिल्लं आणि मोठे दोन्ही मरतात. स्टीलहेडलाही त्रास होतो, कोहोइतका नाही.

खळाळताई, तुमच्याकडे डोंगरात हा प्रश्न नसेल ना?

---

खळाळ

सई, कोहो आमच्या या उपनदीत नाही आणि रस्ते विरळ, त्यामुळे फारसा नाही. आमच्याकडे डोकेदुखी शेतीसाठी वळवलेल्या पाण्याची. पाटाच्या तोंडाला जाळी नसेल तर पिल्लं सरळ गवताच्या शेतात.

---

लपवाई

इतके प्रतिसाद झाले, पण नदी मुळात कोणाची हे कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आयडाहोतल्याच क्लिअरवॉटर खोऱ्यात राहतो, नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातीच्या शेजारी. १८५५ च्या करारात जमातीने जमीन सोडली पण नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क राखला. १९७४ साली वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीश बोल्ट यांनी अशाच करारांच्या जमातींना पकडीच्या निम्म्या वाट्याचा हक्क मान्य केला. १९७७ मध्ये नेझ पर्स, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि याकामा या चौघांनी मिळून कोलंबिया खोऱ्याचा आंतरजमातीय मासेमारी आयोग काढला. इम्नाहा, जॉन्सन क्रीक इथले स्क्रू ट्रॅप नेझ पर्सचं फिशरीज खातं चालवतं. क्लिअरवॉटरमधला कोहो १९८०च्या दशकात संपल्याचं जाहीर झालं होतं. तो १९९०च्या दशकात परत आणायला सुरुवात जमातीने केली, सरकारने नव्हे. 'हंगामी टेक्निशियन' म्हटलं की विद्यापीठातून आलेला पोरगा डोळ्यासमोर येतो. इथे कित्येक जण वीस वर्षं त्याच नदीवर आहेत.

---

खळाळ

लपवाई, +१. माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतंच. पाणी बघून 'उद्या शंकू उचला' असं अचूक सांगणारे लोक मला त्यांच्याच ट्रॅपवर भेटले.

---

कोकणी_बोटुकली

नमस्कार, मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा भर मत्स्यबीज, जिरे, बोटुकली (माशांच्या पिल्लांच्या लहान-मोठ्या अवस्था), कोळंबी संवर्धन यावर. नदीतल्या जंगली माशांचं असं काम करायचं तर तिकडे एम.एस. करावं का? भारतातून थेट हंगामी नोकरी मिळते का? पगार, राहणं वगैरे?

---

खळाळ

थेट नोकरी जवळजवळ अशक्य समज. हंगामी टेक्निशियनसाठी कोणी व्हिसा काढून देत नाही. मार्ग म्हणजे इथे एम.एस., शिकताना प्राध्यापकाच्या प्रकल्पात फील्डवर्क, आणि पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर काही काळ काम करायची परवानगी) राज्य सरकार, जमात, विद्यापीठ किंवा सल्लागार कंपनीकडे काम. संघराज्य सरकारच्या नोकऱ्यांना सहसा नागरिकत्व लागतं, आणि २०२५ च्या जानेवारीत तिथली भरती गोठवल्यापासून तर नागरिकांचेही वांधे झाले. एम.एस.ला अर्ज करण्याआधी प्राध्यापकांना ईमेल कर. निधी असलेली जागा त्यांच्याकडेच असते, आणि निधीशिवाय इकडे येऊ नकोस हे मी मोठी बहीण म्हणून सांगते.

जाहिराती बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत निघतात. पगार तासावर आणि बेताचाच. राहायला बऱ्याचदा सरकारी बंकहाउस. मोबाइलला रेंज नाही, किराणा तासाभरावर. तूरडाळ आणि गोडा मसाला हंगामाच्या सुरुवातीलाच भरून ठेवायचा. गाडी चालवता येणं पदवीइतकंच महत्त्वाचं, मातीच्या रस्त्यावर मागे ट्रेलर लावून, रिव्हर्समध्येसुद्धा. मुलाखतीत मला माशांबद्दल कमी आणि रिव्हर्सबद्दल जास्त विचारलं होतं.

तुझं हॅचरीचं शिक्षण वाया जाणार नाही. हॅचरीचे मासे ओळखता यावेत म्हणून पाठीवरचा छोटा मांसल पर कापतात, तो पर शाबूत असलेला मासा आम्ही जंगली धरतो. त्या दोन्हींची तुलना हाच इथला अर्धा वाद आहे.

---

कोकणी_बोटुकली

खूप आभार ताई. वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) इथूनच घेऊन येऊ का? आणि विदा सरावासाठी कुठे बघता येईल?

---

खळाळ

वेडर इकडेच घे, बहुधा कामावर मिळतात. बूट मात्र स्वतःचे, रबरी तळाचे घे. फेल्टचा तळ शेवाळलेल्या दगडांवर छान पकडतो, पण त्यात न्यूझीलंडच्या बारक्या गोगलगायी अडकून एका नदीतून दुसरीत जातात, म्हणून बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नदी बदलताना सगळं सामान जंतुनाशकात बुडवून वाळवायचं.

विदासाठी पीटॅगिसवर खातं उघड, कोलंबिया खोऱ्यातल्या पिट टॅगांच्या नोंदी तिथे जमा होतात. सुरुवातीला एकच उपनदी आणि एकच वर्ष घे. सोडलेल्यांची यादी काढ, मग लोअर ग्रॅनाइटला कोण कधी दिसलं ते जोड. तारखा जुळवताना अडलीस तर विंचूरावांना व्यनि कर, त्यांना तेवढंच काम.

---

विदा_विंचू

करा व्यनि. पण आधी न दिसलेला मासा मेलेला धरू नका. तो टॅग वाचला न जाता दुसऱ्या दरवाजातून धरण ओलांडून गेलेला असू शकतो.